पापडखार आणि पोपटी ज्योत

आमच्या कामात सगळं पांढरंच. मीठ पांढरं, सोडा पांढरा, तुरटीची पूड पांढरी, नवसागर पांढरा, आणि ज्यानं माणूस जातो तेही बहुतेक पांढरंच. माझी अर्धी नोकरी नांदेडला आणि अर्धी लातूरला गेली, सरकारी प्रयोगशाळेत, पाणी आणि खाण्याचे जिन्नस तपासण्यात. रिटायर होऊन नांदेडला घर केलं, तरी अजून बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की पिशवीतून पुडी काढतं आणि म्हणतं, मॅडम, नुसतं बघून सांगा ना काय आहे ते. नुसतं बघून कळलं असतं तर सरकारनं मला इतकी वर्षं पगार कशाला दिला असता?

माझं माहेर उमरीचं. तिथला एक किराणा दुकानदार मला लेकीसारखं मानायचा, आणि म्हणून फुकटात कामं सांगायचा. एकदा चार पुड्या घेऊन नांदेडच्या लॅबमध्ये हजर. गोदामात उंदरांनी पोत्यांवरच्या चिठ्ठ्या कुरतडल्या होत्या. खायचा सोडा, धुण्याचा सोडा, तुरटीची पूड आणि नवसागर, यातलं कुठलं पोतं कुठलं ते कळेना. त्यानं चारही पुड्या चाखून बघितल्या होत्या, जीभ भाजून घेतली होती, आणि आता मला म्हणत होता, "पोरी, तू चाखून बघ. तुझी जीभ सरकारी हाय."

आमच्या लॅबचा पहिला नियम, जीभ घरी ठेवून यायची. मी त्याच्याच तंबाखूच्या डबीतला ओला चुना घेतला, एका पुडीतली चिमूट त्यात मळली आणि काचपट्टी त्याच्या नाकाखाली धरली. अमोनियाचा असा भपका आला की बिचाऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तो नवसागर. तुरटीच्या पाण्यानं निळा लिटमस लाल झाला. राहिले दोन सोडे. दोन्हींवर आम्ल टाकलं तर दोन्ही फसफसतात, म्हणजे तिथं वेगळे कळत नाहीत. दोन नळ्यांत दोघांचं पाणी केलं आणि फिनॉल्फ्थॅलिनचे बिनरंगी थेंब दोन्हींत सोडले. धुण्याच्या सोड्याची नळी गर्द गुलाबी झाली, खायच्या सोड्याची जेमतेम गुलाबीसर. दुकानदारानं डोक्यावरची टोपी काढली आणि त्या नळीला नमस्कार केला. मी हसले. पण खरं सांगते, मला रोज तसंच वाटायचं. चारचौघांत टोपी काढायची सोय नव्हती इतकंच.

बाहेरच्या माणसाला आमचं काम सांगायचं तर मी असं सांगते. प्रत्येक क्षाराला एक नाव असतं आणि एक आडनाव. सोडियम कार्बोनेट, कॅल्शियम कार्बोनेट, बेरियम कार्बोनेट, ही सगळी कार्बोनेट आडनावाची मंडळी. आम्ल टाकलं की सगळीच फसफसतात, कारण फसफसणं हा त्या घराण्याचा गुण आहे. त्यावरून आडनाव कळतं, माणूस कळत नाही. नाव विचारायला दुसरी तपासणी लागते. प्लॅटिनमची तार आम्लात बुडवायची, त्या क्षाराचा कण उचलायचा आणि बर्नरच्या ज्योतीत धरायचा. सोडियम असेल तर ज्योत पिवळीधमक होते, कॅल्शियम असेल तर विटेसारखी लाल, बेरियम असेल तर पोपटी. यात कधी बदल होत नाही. साहेबाचा फोन आला म्हणून सोडियम हिरवा जळत नाही, आणि आमदाराची चिठ्ठी आणली म्हणून बेरियम पिवळं जळत नाही. सरकारी नोकरीत इतकी सच्ची गोष्ट मला दुसरी कुठं भेटली नाही.

आता जी हकिकत सांगायची म्हणून लिहायला बसले ती सांगते. ती लातूरची.

उन्हाळा लागला होता, गल्लोगल्ली पापड-कुरडयांचे दिवस. मंगळवारी सकाळी सरकारी दवाखान्यातून डॉ. सय्यद यांचा फोन आला. हे मेडिसिनचे डॉक्टर, स्वभावानं शांत, उगाच फोन करणारे नव्हेत. म्हणाले, एका घरातल्या आणि शेजारच्या काही बायका कालपासून उलट्या-जुलाबानं आल्यात. बाकीच्या सुधारल्या, पण एका सुनेची गोष्ट वेगळी आहे. तिचे हातपाय लुळे पडलेत. आधी पाय गेले, मग हात, आता मान उचलत नाही, आणि श्वास उथळ व्हायला लागलाय. रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलंय, सलाइनमधून दिलं तरी चढत नाही. सगळे म्हणतायत धान्यात ठेवायच्या औषधाची विषबाधा, पण मला तसं वाटत नाही. पापडाचं पीठ आणि त्यात घातलेला खार तिच्या घरच्यांबरोबर पाठवतोय. मला तासाभरात काहीतरी सांगा.

मराठवाड्यात पापड करताना काय होतं ते आपल्याकडच्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. उडदाच्या पिठात मिठाचं आणि पापडखाराचं उकळलेलं पाणी घालून पीठ घट्ट भिजवतात, तेल लावून कुटतात, त्याच्या लांब वळ्या करून दोऱ्यानं लाट्या कापतात. लाटायला आळीतल्या सगळ्या बायका जमतात, आणि लाटता लाटता त्या कच्च्या लाट्या तेलात बुडवून खातात. पापडापेक्षा लाटीचीच चव मोठी. ही सून, रूपाली, उदगीरची. माहेरापासून तिचा लाट्यांवर जीव. इतर बायकांनी एक-दोन खाल्ल्या होत्या, तिनं पोटभर.

खार घेऊन तिघं आली. रूपालीचे सासरे मन्मथअप्पा, पूर्वी त्यांची मशीनच्या विटांची भट्टी होती. सासू महानंदाबाई, पापडांसाठी आळीत नाव असलेली. आणि रूपालीची आई, पहाटेच्या गाडीनं उदगीरहून आलेली. आई का आली, तर वाटेत बरणी बदलू नये म्हणून. तिनं ती प्लास्टिकची बरणी मांडीवर घेऊन रिक्षाचा प्रवास केला होता आणि माझ्याही हातात द्यायला तयार नव्हती. लॅबमध्ये बाहेरच्या माणसाला उभं करू नये असा नियम आहे. मी त्या दिवशी तो मोडला, कारण त्या दोघी बायकांचे चेहरे बघून मला वाटलं, यांना दाराबाहेर बसवलं तर दाराबाहेर काहीतरी होईल.

आईचं म्हणणं सरळ होतं. सगळ्यांनी लाट्या खाल्ल्या, एकट्या सासूनं तोंडात टाकली नाही. रूपालीचे भाऊ पोलीस ठाण्यात जायला निघालेच होते, डॉक्टरांनी तासभर थांबवलं होतं.

"मग तुमी कामून न्हाई खाल्ली?" ती महानंदाबाईंना म्हणाली. आवाज चढवला नव्हता, त्यानंच जास्त भीती वाटली.

"सोमवार होता," महानंदाबाई म्हणाल्या. गळ्यातलं इष्टलिंग त्यांनी मुठीत धरलं होतं. "माझा उपास असतो. तुमाला ठाव हाय."

मी दोघींना गप्प केलं आणि महानंदाबाईंना विचारलं, खार कुठून आणला. त्या म्हणाल्या, दुकानातला पुरला नाही. कोठीत ही बरणी होती. गेल्या वर्षीचा खार मीच ठेवला असेल असं वाटलं. पण खात्री नव्हती, म्हणून तपासला.

मी म्हटलं, तपासला म्हणजे काय केलं?

"लिंबू पिळलं मॅडम. वाटीत चिमूटभर घेतला अन् लिंबू पिळलं. फसफसलं. आमच्या सासूबाई असंच बघायच्या. फसफसलं की खार, न्हाई फसफसलं की दुसरं कायतरी. फसफसलं म्हणून घातला. जुना हाय, जोर कमी असंल म्हणून मूठभर जास्तच घातला."

रूपालीची आई म्हणाली, लिंबू पिळल्याचं आता काहीही सांगता येतं, बघायला कोण होतं? महानंदाबाईंनी त्यावर काही उत्तर दिलं नाही. त्यांना उत्तर देता येत होतं असं मला तेव्हा वाटलं.

मी अजून एकच विचारलं. उकळत्या पाण्यात खार विरघळला का? त्या म्हणाल्या, न्हाई, दुधासारखं पांढरं पाणी झालं, खाली बसत होतं, ढवळून ढवळून वतलं. पापडखार म्हणजे सोडियमचा क्षार, आणि तो गरम पाण्यात साखरेसारखा विरघळतो. त्याच्या घराण्यातला जो विरघळत नाही, तो पापडखार नव्हे.

बरणीतली चिमूट नळीत घेतली. तिचं वजन हाताला जाणवलं, पापडखारापेक्षा जड. पाणी टाकलं, तळाला बसली. पातळ आम्लाचे थेंब टाकले, फसफसली आणि बघता बघता पाणी नितळ झालं. तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला, निवळी दुधी झाली. आडनाव कार्बोनेट. महानंदाबाईंचं लिंबू खोटं बोललं नव्हतं.

मग तार घेतली. तार स्वच्छ करायला वेळ लागतो. आम्लात बुडवायची, जाळायची, परत बुडवायची, परत जाळायची, ज्योतीला कसलाही रंग येईना तोवर. मागं दोघी बायका उभ्या, मन्मथअप्पा खिडकीशी. मी कण उचलला आणि ज्योतीत धरला.

ज्योत पोपटी झाली. कच्च्या कैरीच्या सालीसारखी, पिवळसर हिरवी. इतकी सुंदर ज्योत होती हो ती. आणि मी ती बघत होते तेव्हा दवाखान्यात एक पोरगी मान उचलू शकत नव्हती, ती याच सुंदर गोष्टीमुळं.

हिरवी ज्योत तांब्याचीही येते, बोरिक पावडरचीही येते. एका रंगावर विश्वास ठेवायचा नाही, ही आमची शिस्त. आमच्या टेबलावर बेरियम क्लोराइडची बाटली पहिल्या दिवसापासून असते. पाण्यात सल्फेट आहे का बघायचं तर तिच्यातले थेंब टाकायचे, सल्फेट असेल तर पांढरा साका येतो. जन्मभर मी बेरियमनं सल्फेट शोधलं. त्या दिवशी उलटं केलं. नितळ झालेल्या नळीत पातळ गंधकाम्लाचा एक थेंब सोडला. थेंब पडला तिथून पांढरं धुकं उठलं, जड झालं आणि खाली बसलं. त्यावर कितीही आम्ल ओतलं तरी हललं नाही. पापडाच्या पिठात मीठ होतं, मिठाच्या सोडियमची पिवळी ज्योत बाकी सगळे रंग गिळते, म्हणून पिठाची ज्योत बघण्यात अर्थ नव्हता. पीठ आम्लात कालवून गाळलं आणि त्या पाण्यातही तोच थेंब सोडला. तिथंही पांढरा साका बसला. बेरियम कार्बोनेट.

मी वळून मन्मथअप्पांना विचारलं, भट्टीवर विटांना पांढरं फुटू नये म्हणून मातीत पावडर टाकत होता का? ते भिंतीला टेकले. म्हणाले, भट्टी बंद केली तेव्हा राहिली होती थोडी. फेकवली न्हाई. घरातली एक रिकामी बरणी घेतली अन् भरून ठेवली. मी सांगितलं न्हाई कुणाला. ध्यानातच राहिलं न्हाई.

ते पुढं काहीतरी बोलत होते, पण मी फोनकडं धावले होते. डॉ. सय्यदना सांगितलं, बेरियम. मग ते म्हणाले, "म्हणजे पोटॅशियम म्हणूनच चढत नाहीये. मॅडम, सल्फेट दिलं तर?"

मी म्हटलं, औषधाचं तुम्ही ठरवायचं. पण माझ्यासमोर नळी आहे, आणि सल्फेटनं ते सगळं तळाला बसलंय. आता ते कशातच विरघळत नाही.

त्यांना ते पुस्तकातून ठाऊक होतंच, फक्त विषाचं नाव हवं होतं. जुलाबाचं मीठ म्हणतात ते मॅग्नेशियम सल्फेट दवाखान्यात होतं. नळी नाकातून पोटात घालून ते दिलं, आणि पोटॅशियमची धार वाढवली.

फोन ठेवला आणि मी स्टुलावर बसले. बघा ना, बेरियम कार्बोनेट आणि बेरियम सल्फेट. दोन्ही पांढरी, दोन्ही जड, दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, शेजारी ठेवली तर देवालाही ओळखू येणार नाहीत. यातलं सल्फेट दवाखान्यात पोटाच्या एक्स-रेसाठी पेशंटला ग्लासभर पाजतात, काही होत नाही. कार्बोनेट मात्र पोटातल्या आम्लात विरघळतं, माझ्या नळीत विरघळलं तसंच, आणि रक्तात जातं. आणि ज्या थेंबानं मी त्याला ओळखलं, त्याच जातीच्या औषधानं ते तिच्या पोटात बांधलं जात होतं. जो साका माझ्या नळीत बसला तोच त्या वेळी तिच्या आतड्यात बसत असणार. परीक्षा आणि उतारा एकच. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं, पण कळलं त्या दिवशी. मला दोन्ही हात जोडावेसे वाटले आणि मी जोडले. समोर फक्त नळ्यांचा स्टँड होता.

मग मी रूपालीच्या आईला शेजारी बसवलं. म्हटलं, बाई, ऐका. तुमच्या विहीणबाईंनी जी तपासणी केली तीच मी आधी केली. तीच, लिंबाऐवजी बाटलीतलं आम्ल एवढाच फरक. घरात जी करता येते ती त्यांनी केली. पुढची करायला ही तार आणि ही ज्योत लागते, आणि ती लातुरात कुणाच्याच स्वयंपाकघरात नाही. विश्वास बसला असं म्हणणार नाही. ती एवढंच म्हणाली, "माझी पोरगी बोलंल तवा मी ऐकंन."

आणि पोरगी बोलतच नव्हती. बेरियमची ही एक क्रूर रीत असते. शरीर लुळं पडतं, शुद्ध जात नाही. रूपाली डोळे मिटून पडली होती, पण तिला सगळं ऐकू येत होतं. खाटेच्या एका बाजूला माहेर, एका बाजूला सासर, आणि मध्ये तिच्यावरून चाललेलं सगळं. संध्याकाळी लॅब बंद करून मी दवाखान्यात गेले तेव्हा तिची आई पायाशी बसली होती आणि महानंदाबाई व्हरांड्यात. रूपालीचे भाऊ त्यांना आत येऊ देत नव्हते. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांना चहा आणून दिला. त्यांनी तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. सय्यदनी फोन करून सांगितलं, पोटॅशियम चढतंय, हाताची बोटं हलतायत. मी रजा टाकून गेले. रूपालीचा आवाज फुटला तेव्हा मी तिथंच होते, आणि ते माझं मोठं भाग्य. घशातून घोगरा, पुसट आवाज आला. आई वाकली. रूपाली म्हणाली, "लिंबू मी कापून दिलतं."

आईला कळेना. तिनं परत सांगितलं, थांबत थांबत. सासूला ती आत्या म्हणायची. "आत्याला लिंबू मी कापून दिलतं. त्यांनी पिळलं. आमी दोघींनी बघितलं. फसफसलं. आई, मी ऐकून राहिले होते सगळं. मला बोलता येत न्हवतं."

आदल्या दिवशी लॅबमध्ये महानंदाबाईंना ठाऊक होतं बघायला कोण होतं ते. त्यांनी नाव घेतलं नाही, कारण मरणाशी झुंजणाऱ्या सुनेला साक्षीला ओढल्यासारखं झालं असतं. हे त्यांनी मला पुढं कधीतरी सांगितलं. रूपालीची आई उठली, व्हरांड्यात गेली आणि महानंदाबाईंचा दंड धरून त्यांना आत घेऊन आली. माफीबिफी कुणी मागितली नाही. त्यांना खाटेशी बसवलं आणि स्वतः बाजूला झाली.

रूपाली हळूहळू बरी झाली, पायात जोर यायला बरेच दिवस लागले. मन्मथअप्पांनी उरलेली पावडर आमच्याकडं आणून दिली, आणि अजूनही भट्टीचा विषय निघाला की ते उठून जातात. महानंदाबाईंनी पापड करणं सोडून दिलं. पोळपाट-लाटणं वर ठेवून दिलं, कुणी विषय काढला तर म्हणायच्या, आता डोळ्यांना दिसत न्हाई. दिसत होतं सगळं.

आता लॅबमध्ये नवी मशिनं आली आहेत. कण टाकला की पडद्यावर नाव येतं, आणि नवी मुलं ज्योतीकडं बघतही नाहीत. चांगलंच आहे, चुका कमी होतात. पण तार हातात धरून रंगाची वाट बघण्यात जो थरार होता तो त्यांना मिळाला नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. तो त्यांना कसा द्यावा ते मला कळलं नाही.

त्या प्रकरणानंतरच्या उन्हाळ्यात रूपालीचा फोन आला होता. मॅडम, पापड करायचेत, तुमी तार अन् बत्ती घेऊन या. आत्या तयार झाल्या, पण म्हणतात मॅडमनी बघितल्याबिगर कुणी तोंडात घालायचं न्हाई. मी गेले. बस खोळंबली म्हणून उशीर झाला. दुकानातलं बंद पाकीट आणून पीठ भिजवून, कुटून, लाट्या कापून झाल्या होत्या, उरलेला खार वाटीत माझ्यासाठी ठेवला होता. आळीतल्या बायका पोळपाट घेऊन गोल बसलेल्या, रूपालीची आईही उदगीरहून आलेली. कुणी लाटत नव्हतं. मध्ये लाट्यांची परात, तेलाची वाटी, आणि परातीशी महानंदाबाई.

मी स्पिरिटची बत्ती पेटवली. तार आम्लात बुडवली, जाळली, परत बुडवली. सगळ्यांचे डोळे माझ्या हाताकडं. तार अजून स्वच्छ होत नव्हती, ज्योतीला पिवळट झाक येतच होती.

तेवढ्यात रूपाली उठली. परातीतली एक लाटी घेतली, तेलात बुडवली आणि सासूच्या तोंडाकडं बघत बघत खाल्ली. महानंदाबाईंनी तिचा हात धरायला हात पुढं केला, पण उशीर झाला होता.

"अगं, मॅडमचं व्हायचंय अजून," त्या कशाबशा म्हणाल्या.

"होऊ द्या की त्यांचं," रूपाली म्हणाली आणि दुसरी लाटी घेतली. मग तिच्या आईनं परातीत हात घातला.

मी कण उचलून ज्योतीत धरला. ज्योत पिवळीधमक झाली. कुणीही तिच्याकडं बघितलं नाही.